पोशाची पाठ

चूक पोशा तांडेलाची होती. गावातले म्हातारे तुम्हाला सांगतील, दर्या कोपला. त्यांचं ऐकू नका. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला चिखलाची ही जी काळी पाठ वर येते, तिला पोशाचं नाव आहे, दर्याचं नाही.

इथे गलबतं लागायची तेव्हाची गोष्ट. तोंडाशी पाणी पाच वाव. दोन्ही हात पसरले की तेवढी एक वाव. पोशाच्या आज्याने दोरीला भोक पाडलेला दगड बांधून ते मोजलं होतं. मोजताना दोर तुटला, दगड तळाशीच राहिला, आणि 'पाच वाव' हा शब्द घरात देवासारखा बसला. पुन्हा मोजायची कुणाची छाती नव्हती.

पोशाची मुलगी चांगी कालवांसाठी बुडी मारायची. तळ वर आलाय, हे तिच्या पायांना कळलं. तिने दुसरा दगड बांधून दोरी टाकली.

"बाबा, दोनच वाव भरलं."

"तुझे हात एवढेएवढेसे, बाय. तू काय मोजणार?"

"मग लहान हातांनी जास्त भरायला हवं ना? कमी कसं भरलं?"

ओट्यावर बसलेले गावातले सगळे म्हातारे हसले, म्हणे. एकाला तरी तिचं म्हणणं कळलं असणारच. तरी तोही हसला.

"दर्याच्या तळाला पाय फुटले काय? जा, कालवं फोड," पोशा म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा मुलगा गोमा कौलांनी भरलेलं गलबत घेऊन आला. ओहोटी लागली होती. आत यायचं की भरतीची वाट बघायची, हे तांडेलाने काठावरून सांगायचं. पोशाने फडकं हलवलं: ये. गलबत गाळात रुतलं, मागून लाट आली, ते फुटलं. बाकीचे पोहून आले. सुकाणू धरलेला गोमा आला नाही.

पोशाने नवस बोलला, पोराचं हाड तरी दे, तांडेलकी सोडतो. असं सांगतात की त्यावर दर्या अख्खा दिवस मागे सरला. पोशा हातांनी खणत गेला. वर काळा मऊ गाळ, नदीने डोंगरातून आणलेला. त्याखाली तांबडी माती, कुठल्या तरी महापुराची. त्याखाली पांढरी भुकटी, डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांची कवचं, मरून मरून खाली बसलेली. हे सगळं त्याच्या होडीखाली वर्षानुवर्षं पडत होतं, आवाज न करता. सांजेला हाताला दगड लागला. भोक पाडलेला. आज्याचा. जवळजवळ तीन वाव गाळाखाली. गोमा नव्हता. मग भरती आली.

आजही नारळी पौर्णिमेला, नारळ सोडण्याआधी, गावातला सगळ्यात म्हातारा तांडेल तोंडाशी दगड टाकतो. वाव पोरीने मोजायची, आणि दगडाला लागलेला गाळ त्याने सगळ्यांसमोर जिभेवर घ्यायचा. तोंड वाकडं करून गिळतात आणि वर त्याला प्रसाद म्हणतात. पाठ दर वर्षी थोडी रुंदच होते.

पोशाला एकच मुलगा होता. तो सापडला नाही.