चौबळसाहेबांचे पेढे

इंदुमतीबाई रेगे निवृत्त झाल्या, आणि त्यांचे पैसे कुठे गुंतवायचे हे त्यांच्याआधी सल्लागार चौबळसाहेबांनीच ठरवून टाकलं. बायकोने केलेल्या पेढ्यांचा स्टीलचा डबा घेऊन साहेब घरी हजर!

"काकू, हा हाय डिव्हिडंड ईटीएफ फंड घ्या. दर महिन्याला घसघशीत लाभांश!"

"आणि युनिटचा भाव?"

"तो शंभराचा साठ झालाय. पण तिकडे कशाला बघता? लाभांश बघा!"

बाईंनी मान डोलावली आणि बशीत पेढे आणून ठेवले. साहेबांच्या तोंडाला बोलणं आणि खाणं अशी दोन्ही कामं होती. बशी रिकामी झाली की बाई पुन्हा भरत होत्या.

"वा काकू, पाहुणचार असावा तर असा!"

निघताना बाईंनी डबा परत दिला. तो फारच हलका लागला, म्हणून साहेबांनी उघडून पाहिला. आत एकही पेढा नव्हता.

"अहो, म्हणजे माझेच पेढे मला चारलेत?"

"तुमचा फंड तरी मला माझ्याच पैशांशिवाय दुसरं काय चारणार होता? फक्त आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत. तळाला चिमूटभर साखर घातलीय बघा. फंडवाले तेवढी तरी घालतात का, विचारून सांगा."