छत्तीस पायऱ्या

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत प्रत्येकाने आपला खास विषय निवडायचा होता. मी, निवृत्त प्राचार्य गजानन टिळेकर, ‘कोंढाळवाडीचा इतिहास’ निवडला. त्यावर जगात एकच पुस्तक आहे आणि ते मीच लिहिलंय. प्रश्न दुसरीकडून येणार कुठून?

शेजारी एसटीच्या कंडक्टर शेवंता पाखरे होत्या. त्यांनी ‘महाराष्ट्रातले घाट’ घेतले आणि त्यांची दोन उत्तरं चुकली.

माझा शेवटचा प्रश्न आला. गावच्या बारवेला पायऱ्या किती? पायऱ्या आहेत ८४, पण पुस्तकात आकडे उलटे पडून ४८ छापले गेलेत. कार्डावर काय असणार, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “अठ्ठेचाळीस.” टाळ्या पडल्या. मी जिंकलो.

तेवढ्यावर गप्प बसायचं, तर मी पाखरेबाईंना माइकवरून म्हणालो, “विषय निवडायलाही अभ्यास लागतो, बाई.”

“लागतो ना, सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कोंढाळवाडी माझं माहेर. बारवेला अठ्ठेचाळीसच पायऱ्या असतील, तर वरच्या छत्तीस मी डोक्यावर घागर घेऊन कुठं चढत होते, तेवढं सांगा.”

सूत्रसंचालकाने माइक माझ्यापुढे केला. छपाईची चूक म्हणावं, तर मग मुद्दाम चुकीचं उत्तर का दिलं, हेही सांगावं लागणार होतं. चाळीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या होत्या. मान खाली घालून मी पुटपुटलो, “चौऱ्याऐंशी.”

“आता बरोबर,” पाखरेबाई म्हणाल्या.