अंतरपाटाचं टोक

पूर्वी एक वृद्ध नाट्याचार्य नदीकाठच्या देवळात राहत असत. हिवाळ्यातल्या संध्याकाळी नदीवरून धुकं वर येई, घाटाच्या पायऱ्या त्यात हळूहळू विरून जात आणि देवळाचा सभामंडप पाण्यावर तरंगतो आहे असं वाटे. त्या मंडपात त्यांचे शिष्य नाटकाची तालीम करीत.

त्यांतल्या एकाच्या जिवाला घोर लागला होता. त्याच्या धाकट्या बहिणीचं, कावेरीचं, पैलतीरावरच्या एका तरुणावर प्रेम होतं. आणि नदीकाठच्या मळईच्या, गाळानं सुपीक झालेल्या जमिनीवरून दोन्ही घरांचं जुनं वैर होतं. वडिलांनी तिच्यासाठी दूरचं स्थळ पाहिलं होतं. "दादा, बाबांशी तू एकदा बोल," असं ती काकुळतीनं म्हणाली. "बघू," म्हणून दादा उठला आणि त्यानं केलं काय, तर एक नाटक लिहिलं! वडिलांशी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं; कागद काही डोळे वटारत नाही.

नाटकात वैरी घराण्यांतले दोन प्रेमिक चोरून लग्नाला उभे राहतात, अंतरपाट दूर होण्याआधीच मुलीचे भाऊ तलवारी घेऊन येतात आणि दोघांचा अंत होतो. शेवटचं वाक्य मात्र त्याला सुचेना. त्यानं विचारलं, "आचार्य, यांना कोणी मारलं म्हणू? प्रेमानं, द्वेषानं की दैवानं?"

"प्रवेश करून पाहू," आचार्य म्हणाले. "अंतरपाट आपण दोघं धरू."

वधूवरांमध्ये पांढरं वस्त्र ताणलं गेलं; एक टोक आचार्यांच्या हाती, दुसरं शिष्याच्या. मंगलाष्टकं झाली, शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. आचार्यांनी वस्त्र सोडलं नाही. गाणाऱ्यांनी गोंधळून पुन्हा अष्टकं आरंभली. तीही संपली, तरी वस्त्र तसंच. समईचा उजेड धुक्यात पसरला होता, शिष्याचे हात भरून आले होते. मग भाऊ आले, तलवारी चालल्या आणि दोघं कोसळली. तेव्हा कुठं आचार्यांनी हात खाली घेतले.

"हे काय, आचार्य! आपण वस्त्र सोडलंच नाहीत!"

"तू का नाही सोडलंस?"

"मी आपल्याकडे पाहत होतो. आपण वडीलधारे. आपल्याआधी मी कसं सोडणार?"

"अरे, एक टोक सुटलं तरी पुरे असतं," आचार्य शांतपणे म्हणाले. "प्रेमानं या दोघांना इथवर आणलं, त्यात त्याचा काय दोष? द्वेष तलवार घेऊन येतो खरा, पण तो लांबून येतो, त्याला वाटेत वेळ लागतो. तेवढ्या वेळात जवळची माणसं वस्त्र धरून उभी असतात. त्यांना वाईट वाटत असतं, हातही दुखत असतात. पण मोठ्यांनी आधी सोडावं म्हणून ती थांबतात. आणि सगळं संपलं की त्या थांबण्यालाच आपण दैव म्हणतो. 'सावधान' वधूवरांना म्हणतात असं लोक समजतात. मला वाटतं, ते वस्त्र धरणाऱ्यांना सांगितलेलं आहे."

शिष्याला फार लाज वाटली. जिच्यासाठी एक शब्द बोलायचा, तिला आपण नाटकात मारलं आणि वर तिच्यासाठी रडूनही घेतलं, हे त्याला कळलं. शेवटचं वाक्य न लिहिताच तो धुक्यातून घरी निघाला.

वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. तो त्यांच्यासमोर बसला.

"बाबा, कावेरीचं मन पैलतीरावरच्या मुलावर आहे. मुलगा चांगला आहे. तिचं लग्न तिथंच व्हावं, असं मला वाटतं."

अडकित्ता थांबला. "कुणी शिकवून पाठवलं तुला?"

"कुणी नाही. मीच सांगतोय."

आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या. वडिलांनी तोंड नदीकडे वळवलं. ते रागावले होते, आणि दुखावलेही होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय करतो तो मुलगा?"

पैलतीरावरच्या त्या घराविषयी इतकं साधं त्यांनी कधीच काही विचारलं नव्हतं. शिष्य थोडा पुढे सरकला आणि सांगू लागला.