गाडीच्या हिशोबानं दिवस

“मग लाइट लागले का नाहीत?”

वृषाली शेलारांनी पुन्हा तेच विचारलं.

मिलिंद धनावडेनं किल्ली फिरवली, स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी ‘ऑटो’वर ठेवली आणि आरशामागं, जिथं उजेड मोजणारा सेन्सर असतो, तिथं काचेवर काळं फडकं धरलं.

गाडीचा डावा दिवा लागला. उजवा लागणारच नव्हता. तो फुटला होता, आणि त्याच्याखालचा बंपर आत गेला होता.

त्यानं फडकं काढलं. थोड्या वेळानं दिवा आपोआप विझला.

“बघितलंत? चालतंय सगळं.”

“त्या दिवशी चाललं नाही.”

मिलिंदनं वायरी हलवून पाहिल्या. फ्यूज काढून उजेडात धरला, परत बसवला. पुन्हा फडकं धरलं. पुन्हा दिवा लागला.

मेढ्याच्या बाजारात दस्तगीर चाचांचं हे दुकान. गाड्यांचं विजेचं काम. मिलिंद इथंच शिकला, इथंच तयार झाला. आता गिऱ्हाइकं दारात येऊन चाचांना नाही, मिलिंदला विचारायची. मिलिंदनं बघितलं म्हणजे बघितलं, असं सगळे म्हणायचे. ते त्याच्या कानावर होतं.

चाचा दाराशी एका जुन्या सेल्फ-स्टार्टरची मोटर खोलून बसले होते. त्यांनी मान वर केली नव्हती.

वृषालीताई जनावरांच्या डॉक्टर. वरच्या गावांतून त्यांची रोजची ये-जा. गेल्या आठवड्यात सकाळी त्या केळघर घाटातून खाली येत होत्या. पाऊस नव्हता, नुसतं धुकं. समोरून एक टेम्पो चढत होता. त्याच्यामागं मोटरसायकलवर किरण मानकुमरे. महाबळेश्वरला एका हॉटेलात आचारी, कामावर निघालेला. पुढं रस्ता मोकळा दिसला, म्हणून तो टेम्पोच्या बाजूनं बाहेर आला.

रस्ता मोकळा नव्हता.

“मला तो दिसला होता,” वृषालीताई म्हणाल्या. “त्याचा दिवा लागलेला होता. मोटरसायकलींचा कायमच लागलेला असतो ना... मी ब्रेक दाबला. हॉर्न दाबला. पण तो सरळ आला. मी तिथं नाहीच, असा आला.”

त्यांनी फुटलेल्या दिव्याकडं पाहिलं.

“काल त्याचा पाय काढला. गुडघ्याखालून.”

मिलिंदच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

मग तो समजावून सांगायला लागला. त्याचं समजावणं चांगलं असे.

“मॅडम, सेन्सरला अंधार कळतो. धुकं कळत नाही. धुकं पांढरं असतं. वरून उजेड भरपूर येत असतो. पुढचं काही दिसत नाही, पण उजेड असतो. तुम्ही आला तेव्हा सकाळचं ऊन वर चढलेलं होतं. गाडीच्या हिशोबानं तो दिवस होता. दिवसा ती लाइट कशाला लावेल?”

“म्हणजे... गाडी बिघडली नव्हती?”

“नाही.”

“काहीच?”

“गाडीत काडीचा दोष नाही.”

वृषालीताईंनी मागं हात नेऊन स्टूल चाचपलं आणि त्या बसल्या.

“आठवडाभर देवाला म्हणत होते, काहीतरी बिघडलेलं निघू दे. एखादी वायर तरी तुटलेली निघू दे...”

मिलिंद खरं ते बोलला.

“हातानं लावता येतात, मॅडम. दांडी फिरवायची. ते तुमच्याच हातात होतं.”

वृषालीताईंनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. डोळे विस्फारून.

“तुम्ही म्हणाला होतात, हात लावायची गरज नाही.”

“मी?”

“तुम्ही बॅटरी बदललीत तेव्हा. मी विचारलं होतं, घाटात कसं करायचं? तुम्ही हसलात. म्हणालात, विसरून जा मॅडम, गाडीला कळतं.”

“ते मी अंधाराचं...”

“मी घाटाचं विचारलं होतं.”

चाचांच्या हातातला स्क्रू डब्यात पडला, त्याचा आवाज मोठा वाटला.

मिलिंद वळला. “चाचा, तुम्ही बघा हवं तर. माझ्या तपासणीत चूक असेल तर सांगा.”

“तू सांगितलंस ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे,” चाचा म्हणाले.

ते उठले. हात पुसले.

“मॅडम, किल्ली देता? घाटात जाऊन येतो.”

• • •

केळघर मागं पडलं आणि धुकं लागलं. पहिल्यांदा झाडांचे शेंडे गेले, मग झाडं गेली, मग कठडा गेला.

चाचांनी एका सरळ पट्टीवर गाडी थांबवली आणि शेजारी बसलेल्या मिलिंदकडं पाहिलं.

“उतर.”

“इथं?”

“कडेला उभा राहा, कठड्याला टेकून. मी वर जाऊन वळून येतो. गाडी दिसली की हात वर कर. हात वर झाला की मी थांबतो.”

“आणि नाही झाला तर?”

चाचांनी काच वर घेतली.

गाडी गेली, दांडी ‘ऑटो’वरच. मागचं ब्रेकचं लाल क्षणभर दिसलं, तेही गेलं.

मिलिंद उभा राहिला. घड्याळात सकाळच होती. उजेड इतका, की डोळे बारीक करावे लागत होते. त्या उजेडात त्याला स्वतःचे बूट दिसत होते, रस्त्याचं थोडं डांबर दिसत होतं, आणि बाकी पांढरं.

कुठंतरी पाणी पडत होतं. मग इंजिनाचा आवाज आला. वरून की खालून, समजेना. त्यानं वर पाहिलं. आवाज खालून आल्यासारखा वाटला म्हणून खाली पाहिलं. मग आवाज सगळीकडूनच यायला लागला.

‘दिसली की हात वर...’ तो मनात म्हणाला. ‘दिसली की...’

धुक्याचाच एक तुकडा घट्ट झाला आणि त्यातून बंपर निघाला.

तो जागचा हलला नाही. ओरडला नाही. पाठ कठड्यात रुतली एवढंच. चंदेरी गाडी त्याच्यासमोर उभी होती, आत गेलेला बंपर त्याच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. बॉनेटची ऊब त्याच्या पँटला लागत होती.

चाचा उतरले.

“हात?”

मिलिंदनं आपल्या हाताकडं पाहिलं. तो खालीच होता.

“चाचा... तुम्ही मला... मला मारलं असतंत तुम्ही.”

“तू कुठं उभा आहेस ते मला ठाऊक होतं. हळू आलो.”

“मला दिसलीच नाही! एवढी मोठी गाडी... मी बघत होतो, चाचा. मी तिकडंच बघत होतो.”

“तोही तिकडंच बघत असेल.”

मिलिंद खाली बसला. चाचांनी त्याला बसू दिलं. मग ते गाडीत गेले, हातानं दांडी फिरवली आणि परत धुक्यात शिरले.

या वेळी मिलिंदला वाट बघावी लागली नाही. लांब वरच्या अंगाला, जिथं रस्ता आहे हेसुद्धा कळत नव्हतं, तिथं हळदीच्या बोटासारखा एक डाग उमटला. एकच. दुसरा दिवा फुटलेला होता.

मिलिंदचा हात आपोआप वर गेला.

गाडी संथपणे आली, त्याच्या कितीतरी अलीकडं थांबली. हात वरच होता. चाचांनी येऊन तो धरला आणि खाली केला.

“एका दिव्यात... एका दिव्यात दिसली,” मिलिंद म्हणाला. “चाचा, मीच म्हणालो होतो त्यांना. विसरून जा म्हणालो होतो. हसलो होतो.”

चाचांनी खाली येताना दिवा तसाच चालू ठेवला.

• • •

वृषालीताई स्टुलावरच होत्या. समोरचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

मिलिंद त्यांच्यासमोर उभा राहिला.

“मॅडम, दांडी तुमच्या हातात होती, हे खरं. पण ती विसरा, हे मी सांगितलं. तुम्ही नीट विचारलं होतं, मीच नीट ऐकलं नाही.”

त्यांनी मान हलवली. त्याला माफ केलं, असं त्या मानेत नव्हतं. बराच वेळ एकट्यानं धरलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकाला हात लावून उचलावं, तसं काहीतरी होतं.

“मी आता साताऱ्याला निघालेय, दवाखान्यात,” त्या म्हणाल्या. “रोज जाते. किरणची आई माझ्याशी बोलत नाही. मी तिच्यासमोर बसते आणि येते.”

“मी येतो.”

“तुम्ही कशाला?”

मिलिंद गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चाचांनी दुकानाचं शटर ओढलं आणि गाडी चालवायला बसले.

दवाखान्याचा व्हरांडा लांबलचक होता. टोकाला बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. पायाशी पिशवी होती आणि पिशवीत पुरुषाच्या बुटांचा जोड, नवा, दोन्ही बूट एकमेकांना बांधलेले.

वृषालीताई पुढं गेल्या आणि त्या बाईच्या समोरच्या बाकावर बसल्या.

मिलिंदची नजर त्या बुटांवर गेली. त्याचा पाय उचलेना. तो खांबामागं झाला. भिंतीला पाठ लावली.

चाचा त्याच्याजवळ येऊन थांबले.

“ती मला ओळखत नाही, चाचा. माझं नाव पोलिसांच्या कागदात नाही. वृषालीताईंनीही कुठं घेतलेलं नाही. मी आहे हेच तिला माहीत नाही.”

“हं.”

“पुढं जाऊन सांगू काय तिला? सेन्सर? धुकं? काय बोलू?”

व्हरांड्याच्या टोकाला त्या बाईनं डब्यावरचे हात उचलले, परत ठेवले.

“बोलू नकोस,” चाचा म्हणाले. “आधी तिला दिसशील असा उभा राहा.”