फोफळआळीतली शुक्रवारची चूल

फोफळआळीच्या देवळाला वळसा घालून उत्तरेच्या दाराशी गेलं, की भिंतीच्या आडोशाला तीन दगडांची एक चूल दिसते. दगड काळेभोर, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. वर चार पत्रे टाकलेत एवढंच. वर्षभर तिच्याकडे कोणी बघतही नाही. कधी एखादं मांजर तिथल्या राखेत पाय पोटाशी घेऊन झोपतं. पण शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळ्या आळीत सहसा कुठल्या घरी विस्तव नसतो, कोणी चहासुद्धा करत नाही, तेव्हा ही एकटी चूल पेटलेली असते आणि तिच्यावर पेज शिजत असते. बाहेरून आलेली माणसं चक्रावतात. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थना चालू असताना देवळाच्या दारात हे रांधप कसलं, म्हणून विचारतात. मग आगुस्तीनबाय त्यांना ओट्यावर बसवते. ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण गोष्ट सांगताना तिचा आवाज कापत नाही. "आम्ही लहान असताना माझी आजी सांगायची," असं म्हणून ती जे सांगते, ते हे.

फार जुनी गोष्ट, काड्यापेटी या किनाऱ्यावर यायच्याही आधीची. तेव्हा घरातला विस्तव विझू देत नसत. निखाऱ्यावर राख ओढून ठेवायची, सकाळी राख सारून फुंकर घालायची. सून घरात आली की सासू तिला आधी तो निखारा दाखवायची. असा एकेका घरातला विस्तव तीन-तीन पिढ्यांचा असायचा म्हणे.

त्या काळी आळीत देवीच्या रोगाची मोठी साथ आली. घरटी माणूस गेलं. उरलेल्यांनी देवळात गुडघे टेकून शपथ घेतली, की साथ सरली तर दरवर्षी पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारपर्यंत गावात अग्नी ठेवणार नाही. प्रभू क्रूसावर होता तेव्हा जगात उजेड कुठे होता? साथ सरली. पाद्रींनी ती शपथ देवळाच्या वहीत लिहिली आणि खाली शिक्षाही लिहिली: जो अग्नी पेटवील त्याला ईस्टरचा प्रसाद मिळणार नाही, आणि वर्षभर त्याच्या लग्नाला-मयताला कोणी जाणार नाही. शनिवारी देवळाच्या दारात गारगोटीवर चकमक झाडून नवा अग्नी काढायचा, त्यावर प्रार्थना म्हणायची आणि तो मडक्यातून घरोघर न्यायचा, असा रिवाज पडला.

गुरुवारी घरोघरच्या चुली विझवायचं काम नातालबायकडे होतं. नाताळात जन्मलेली म्हणून नाव नातालीन. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा दुमिंग गलबतावर खलाशी म्हणून गेला तो परत आला नाही. ना निरोप, ना सांगावा. तेव्हा नातालबायने नवस केला, की सात वर्षं गावातल्या चुली मी माझ्या हाताने विझवीन, एक ठिणगी मागे ठेवणार नाही. देवा, माझा पोर मला दे. काम तिने इतकं मनापासून केलं, की लोक तिला भिऊ लागले. पितळेचा तांब्या घेऊन ती दारात आली, की बायका मुकाट बाजूला व्हायच्या. पाणी ओतून झालं की ती काठीने राख ढवळायची, हात घालून बघायची. "नातालबायच्या हातून सैतानाचा विस्तवसुद्धा सुटायचा नाही," असं मिंगेल पाटील म्हणायचा, आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं.

ते सातवं वर्ष होतं. थंडी लांबली होती. गार वारा केळीच्या पानांच्या चिंध्या करत होता. गुरुवारी संध्याकाळी ती आळीच्या टोकाला रुजारच्या घरी पोहोचली. रुजारची बायको कार्मेल पहिलटकरीण, आठवा महिना. चुलीशी अवघडून बसली होती.

"काकी, एक निखारा राहू द्या ना," ती हळूच म्हणाली. "अंगात हीव भरलंय. मी राखेखाली ठेवीन, कुणाला दिसायचा नाही."

"देवाला दिसेल की," नातालबाय म्हणाली. रागाने नाही, मायेनेच म्हणाली. "दोन दिवसांची तर गोष्ट आहे, बाय. घोंगडी घे अंगावर."

तिने पाणी ओतलं. मग सवयीने काठी फिरवली, तर अगदी तळाशी, मडक्याच्या खापरीखाली, कार्मेलने लपवलेला एक निखारा निघाला. नातालबायने तिच्याकडे पाहिलं. पोरीने मान खाली घातली. नातालबायने त्यावरही पाणी घातलं. चर्र झालं आणि वाफेने घर भरलं.

शुक्रवारी सकाळी कार्मेलला कळा सुरू झाल्या.

दिवस भरायच्या आत मुलगी झाली. केळफुलाएवढी. रडली नाही, नुसती कण्हली. कार्मेलचं रक्त फार गेलं होतं. तिचंच अंग विहिरीच्या पाण्यासारखं गार पडलं होतं, ती पोरीला ऊब कुठली देणार? शेजारणींनी बाळाला आळीपाळीने उराशी धरलं, चिरगुटांत गुंडाळलं. पण ओठ निळे पडत चालले. सुईण म्हणाली, "शेक पाहिजे. आणि आईच्या पोटात काहीतरी गरम गेलं पाहिजे. नाहीतर दोघींची आशा नको." रुजार खाडीपलीकडच्या गावातून विस्तव आणायला धावला. पण ओहोटीच्या चिखलातून जाऊन यायचं, म्हणजे तिन्हीसांज होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाळ जायच्या आधी नाव तरी पडावं, म्हणून सुईणीनेच कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. नाव ठेवलं लुझिया.

नातालबाय दारात उभी होती. आत जायचं धैर्य होईना. चुलीतली ओली राख तिला दारातूनच दिसत होती.

ती तशीच देवळाकडे वळली. देवळातली वस्त्रं धुण्याचं काम तिचंच, म्हणून पेटीची किल्लीही तिच्याच कमरेला असायची. पेटीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली गारगोटी आणि चकमक होती, उद्याच्या नव्या अग्नीसाठी. मिंगेल पाटलाने तिला वाटेत गाठलं. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याने ओळखलं.

"काय गं, तूच विझवायच्या आणि तूच पेटवायच्या?"

"पोर गारठून मरतंय, पाटील."

"बाप्तिस्मा झालाय ना? मग थेट स्वर्गात जाईल. आपल्यापेक्षा बरी जागा आहे ती. सबंध गावाची शपथ मोडतेस? पुन्हा साथ आली तर कोणाच्या दारात रडायचं?"

नातालबाय थांबली. साथीची भीती तिलाही होती. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या काळजात होती. हे सातवं वर्ष. आज सांभाळलं की नवस पुरा. आज मोडला तर दुमिंग... तिला पुढचं मनातसुद्धा बोलवेना.

असं सांगतात, की ती बराच वेळ पेटीपुढे बसून होती. देवळातल्या घंटा गुरुवारपासून मुक्या; बाहेर घंटांऐवजी वाजवायच्या लाकडी खटखट्याचा आवाज तेवढा येत होता. मग ती स्वतःशीच म्हणाली, "दुमिंग, कुठेतरी तूही गारठत असशील. तिथल्या कोणा बाईने तुला विस्तव दिला असता, तर तिला मी पापी म्हटलं असतं का रे?"

आणि तिने किल्ली फिरवली.

उत्तरेच्या दाराशी वारा लागत नव्हता. तीन दगड मांडून तिने नारळाच्या सुक्या सोडणाच्या काथ्यावर चकमक झाडली. पहिल्या झटक्याला बोटच सोलवटलं. चौथ्या-पाचव्या झटक्याला ठिणगी धरली. सुईणीने घरून चार विटा, तांदूळ आणि मडकं आणवलं. कार्मेलला बाजेवर घालून चौघींनी तिथेच आडोशाला आणलं. तापलेल्या विटा फडक्यात गुंडाळून बाळाच्या दोन्ही अंगांना ठेवल्या. मडक्यात पेज शिजायला लागली.

धूर वर चढला तसं गाव गोळा झालं. तीन वाजताच्या प्रार्थनेला आलेली माणसं काळ्या कपड्यांत, अनवाणी, चुलीभोवती उभी राहिली. मिंगेल पाटलाने नातालबायचा तोच पितळेचा तांब्या विहिरीवर भरून आणला आणि पाद्रींच्या हातात दिला.

"फादर, शपथ तुमच्या अक्षरात लिहिलेली आहे. आता तुम्हीच विझवा."

पाद्री कडक माणूस. उपासाच्या दिवसांत स्वतः पाण्यावर राहायचे, आणि दुसऱ्यांनाही सवलत द्यायचे नाहीत. तांब्या घेऊन ते पुढे आले. नातालबाय उठली नाही. पदराने घाम पुसून एवढंच म्हणाली, "शिक्षा मला द्या, फादर. चुलीला नको."

पाद्रींनी बाजेवरच्या कार्मेलकडे पाहिलं, विटांमधल्या त्या गाठोड्याकडे पाहिलं. मग ते वाकले. बायकांनी डोळे मिटून घेतले. पाण्याचा आवाज झाला, पण चर्र झालं नाही. डोळे उघडून बघतात तो पाद्रींनी सगळा तांब्या मडक्यात ओतलेला!

"पेज खाली लागायला आली होती, बाय," ते म्हणाले. "ढवळत राहा."

आणि त्यानंतर थोड्याच वेळाने म्हणे लुझिया रडली. एवढंसं पोर, पण रडणं असं, की मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं.

त्या शनिवारी गारगोटी झाडली नाही. पेटलेला अग्नी पुन्हा काय पेटवायचा, असं म्हणून पाद्रींनी ईस्टरची मोठी मेणबत्ती त्याच चुलीवर लावली. त्याआधी नातालबाय कुमसाराला गेली, म्हणजे पाद्रींच्या कानात आपली पापं सांगायला. कुमसारातलं बोलणं बाहेर कसं आलं, असं आगुस्तीनबायला कोणी विचारलं तर ती हसते. म्हणते, नातालबायनेच पुढे सगळ्यांना सांगितलं, तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"दोन पापं आहेत, फादर. काल विस्तव पेटवला."

"हं. आणि दुसरं?"

"परवा एक विझवला. त्या पोरीने मागितला होता."

पाद्री म्हणाले, "ते दुसरं आपल्या दोघांचं आहे. लिहिलं होतं मी."

दुमिंग परत आला का, असंही लोक विचारतात. कोणी सांगतं, तीन वर्षांनी पांढरी दाढी घेऊन आला. आगुस्तीनबायच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे तो आला नाही. पण नातालबाय वाट बघतच जगली आणि तिच्या शेवटच्या आजारपणात लुझियाच उशाशी होती, तिचे गार पाय आपल्या हातांनी चोळत.

आता आळीतल्या घरांत चुली राहिल्या नाहीत, गॅस आले. निम्म्या वाड्यांवर इमारती आल्या. त्या पेजेची आठवण म्हणून उत्तरेच्या दाराशी ती चूल मात्र दर शुभ शुक्रवारी पेटते. आणि आजही पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी ज्या बाईकडे हे काम आलं असेल ती पाण्याचा तांब्या घेऊन घरोघर फिरते, तिसऱ्या मजल्यापर्यंतही चढून जाते. उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी विचारते, "घरात कोणी आजारी? बाळंतीण? तान्हं, म्हातारं?" "नाही" म्हटलं, तर शेगडीवर चार थेंब शिंपडते. "आहे" म्हटलं, तर तांब्या दाराबाहेर ठेवून आत येते, स्वतःच्या हाताने शेगडी पेटवून देते आणि मगच पुढच्या दाराकडे वळते.