दान दिलेला किल्ला

“मग सोडूनच देऊ का, बुवा?”

महिपतगिरी गोसावी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

हैबतराव जगदाळ्यांनी पुन्हा तेच विचारलं. गावची पाटीलकी घरात, चाळिशी केव्हाच ओलांडलेली, मिशा भारदस्त, आणि नाद कसला, तर मातीचे किल्ले करायचा. पोरं दिवाळीत करतात ते. हे बाराही महिने करायचे. दरवाजे, माच्या, पाण्याची टाकी, सगळं जिथल्या तिथं. पंचक्रोशीत असा किल्ला दुसऱ्या कुणी करून दाखवावा, अशी घमेंडही होती.

पण कौतुक करायला कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. त्यात परवा लेकीला बघायला पाहुणे आले. अंगणात कोपरापर्यंत चिखलानं माखलेला माणूस दिसला, तर त्यांनी त्यालाच विचारलं, पाटील आहेत का घरात? मुलीचा बापच तो, हे कळल्यावर पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. चहा अर्धाच टाकून गेले. तेव्हापासून लेक बोलायची बंद झाली, आणि बायकोनं बजावलं की माती नाहीतर अब्रू, एक काय ते ठरवा. आज घरी जाऊन तिला शब्द द्यायचा होता.

बुवा ‘सोडू नकोस’ म्हणतील, या आशेवरच खरं तर स्वारी टेकडी चढून मठात आली होती.

“सोडायचंच आहे तर वाया का घालवतोस?” बुवा म्हणाले. “मला दान दे.”

हैबतरावांना आधी हसू आलं. गोसावी किल्ल्यांचं काय करणार, कप्पाळ? मग राग आला. म्हणजे बुवांनाही त्यात राखण्यासारखं काही दिसत नव्हतं तर. घ्या म्हणाले, तिरमिरीत तांब्या उचलला आणि रीतसर बुवांच्या तळहातावर पाणी सोडलं. आजपासून हा नाद तुमचा, माझा त्यावर हक्क नाही, असं मोठ्यानं बोलूनही टाकलं.

बुवांनी ओला हात कपाळाला लावला. कफनी वर खोचली. मठाची भिंत लिंपायला चिखल कालवून ठेवला होता, त्यात जाऊन त्यांनी सरळ बसकण मारली.

हैबतराव बघतच राहिले.

सत्तरीचा बैरागी, गावंच्या गावं ज्याच्या पायावर डोकं ठेवतात, तो दोन्ही हातांनी चिखल थापत होता. दर्शनाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, बुवांना भ्रम झाला वाटतं. बुवांच्या कानी त्यातलं काही गेलेलं दिसलं नाही. जीभ बाहेर काढून ते बुरूज बसवत होते.

“हा राजगड,” ते म्हणाले.

हैबतरावांनी वाकून पाहिलं. संजीवनी माची बालेकिल्ल्याच्या डोक्यावर चढली होती. बुरूज म्हणजे नुसते शेणाचे गोळे.

“बुवा, ती माची तिथं नसते.”

“असू दे. माझी आहे.”

“तिचे बुरूज चिलखती असतात. बाहेरून आणखी एक भिंत...”

बुवांनी आणखी एक गोळा थापला.

आता मात्र राहवेना. हैबतरावांनी हात घातला, आणि बुवांच्या कमरेचा लोखंडी चिमटा सण्णकन मनगटावर बसला. बुवांनी आजवर कुणावर हात उगारलेला कुणी पाहिला नव्हता.

“दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही, हैबत.”

मनगट झोंबत होतं, पण हैबतराव हादरले ते भलत्याच गोष्टीनं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते माराचं नव्हतं. जगदाळ्यांच्या घरातला कर्ता पुरुष चारचौघांत चिखलासाठी रडत होता. हे आपलंच रडणं आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना.

“बुवा... परत द्या.”

“दान परत घेता येत नाही.”

“मग?”

“भीक मागता येते.”

जगदाळ्यांच्या दारातून कुणी विन्मुख जात नसे. त्या घरातल्या कुणी मागायला हात म्हणून पुढं केला नव्हता. हैबतराव ताडकन उठले. पायऱ्यांपर्यंत गेलेही, वहाणा पायांत सरकवल्या.

...

मग परत आले. वहाणा काढल्या, खांद्यावरचं पांढरं उपरणं दोन्ही हातांनी पसरलं आणि चिखलाच्या कडेला गुडघे टेकून बसले.

हसणं थांबलं.

बुवांनी ओल्या मातीचा एक गोळा उचलून उपरण्यात टाकला. पाणी झिरपून हैबतरावांच्या धोतरावर उतरायला लागलं.

“घरी काय सांगू, बुवा? लेकीला पुन्हा कुणी बघायला आलं, आणि त्यांनी पुन्हा हेच बघितलं तर...”

बुवा आपल्या वेड्यावाकड्या गडाकडे वळले होते.

“हैबत,” ते म्हणाले, “माती वाळतेय.”