फाटकाजवळची हिरवी फांदी

एका राज्यात राजवाड्याला पुढून सात दरवाजे होते आणि मागून एक फाटक. सात दरवाज्यांतून येत मांडलिक, मुत्सद्दी आणि नजराणे. फाटकातून जाई फक्त राणी सुवर्चला आणि तिच्यामागून तिची लेक, राजकन्या मंजिष्ठा. कारण फाटकापलीकडे राणीची डाळिंबांची परसबाग होती.

राणीला डाळिंबांची पारख होती. कुणाची साल पातळ, कुणाचा दाणा टपोरा, कुणाचे बी दाताखाली मऊ लागते, हे ती लेकीला एकेक दाणा चाखवून शिकवी. तिची जीभ खरी होती. गोडाला गोड म्हणे आणि फिक्याला फिके, मग ते झाड खुद्द महाराजांनी का लावलेले असेना.

एके दिवशी त्या बागेत भस्मकेतू नावाचा जादूगार आला. त्याने आपल्या बागेतले डाळिंब चांदीच्या तबकात घालून राणीपुढे ठेवले. साल माणकासारखी झळकत होती. राणीने फळ फोडले, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "रंग सुंदर. दाणा पोचट."

जादूगाराचा चेहरा त्या सालीहून लाल झाला. त्याने मूठभर राख हवेत उडवली. राख खाली बसली तेव्हा बागेतली जुनी झाडे नव्हती, राणीही नव्हती. उरली होती डाळिंबाची तीन झाडे: एक फाटकाजवळ, एक मध्यभागी, एक भिंतीलगत. उंची सारखी, पाने सारखी, काटेही सारखे.

"यांतले एक झाड राणी आहे," जादूगार म्हणाला. "फळे पिकली की मी येईन. फळे चाखा, डावे-उजवे करा आणि एकदाच सांगा. बरोबर सांगाल तर राणी मिळेल. चुकाल तर तिन्ही झाडांची राख होईल."

तो गेला. मग वडीलधाऱ्यांची बैठक बसली. बैठकीत होते प्रधानजी, राजज्योतिषी आणि महाराजांच्या थोरल्या बहीण आत्यासाहेब. पुष्कळ खल झाला आणि असे ठरले की झाडांना काही कमी पडू द्यायचे नाही. सकाळी प्रधानजी पाणी घालत, दुपारी ज्योतिषी घालत, संध्याकाळी आत्यासाहेब घालत. झाडे हिरवीगार झाली. पानांत पाने मावेनात. पण एक वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरे गेले, आणि एकाही झाडाला फूल म्हणून आले नाही.

वडीलधाऱ्यांना त्याचे दुःख नव्हते. फळ नाही तर निवड नाही, निवड नाही तर चूक नाही. महाराज सज्जात बसून झाडांकडे पाहत आणि उसासा टाकत. तेवढाच त्यांचा राज्यकारभार उरला होता.

"झाड आहे तोवर वहिनी आहे, पोरी," आत्यासाहेब समजावीत. "त्याला डोके टेकव आणि समाधान मान."

"कोणत्या झाडाला टेकवू, आत्यासाहेब?" मंजिष्ठा विचारी. त्यावर आत्यासाहेबांना संध्याकाळच्या घागरीची आठवण होई.

एका सकाळी फाटकावर एक शिंजीर येऊन बसला. अंगठ्याएवढा पक्षी, काळानिळा, चोच सुईसारखी. तो माणसासारखा बोलला.

"तीन वर्षे मी या बागेवरून उपाशी जातो आहे," तो म्हणाला. "फुलांत मध नाही, कारण फुलेच नाहीत. तुमची माणसे झाडांना बुडवून मारत आहेत."

"मग काय करू?" मंजिष्ठेने विचारले.

"तीन कामे. पहिले, पाणी तोड. दुसरे, बुंध्याची माती काढून मुळ्यांना ऊन दाखव. तिसरे, पाने गळेपर्यंत इथेच बसून राहा, कारण तू उठलीस की म्हातारे घागर घेऊन येतील. याला ताण म्हणतात. झाड तहानले की मरणाला भिते, आणि भ्याले की फुलते."

"यांतले एक झाड माझी आई आहे."

"म्हणूनच तिसरे काम अवघड आहे," शिंजीर म्हणाला आणि उडून गेला.

मंजिष्ठेने कुणाला विचारले नाही. विचारले असते तर आणखी एक बैठक बसली असती. तिने कुदळ घेतली, तिन्ही झाडांच्या मुळ्या उघड्या केल्या आणि फाटक अडवून, फाटकाजवळच्या झाडाखाली बसली. प्रधानजी घागर घेऊन आले, तशीच घेऊन परत गेले. ज्योतिष्यांनी ग्रह सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि फाटकाला कडी घातली. आत्यासाहेबांनी मात्र फाटकापलीकडे उभे राहून सगळ्या राजवाड्याला ऐकू जाईल असे विचारले, "जन्मदात्रीला तहानेने मारतेस, आणि डोळ्यांनी पाहत बसतेस?"

मंजिष्ठा जागची उठली नाही. तहान तिलाही लागे. पाणी प्यायचे तर आईकडे पाठ करून प्यावे असे तिच्या मनात येई. पण पाठ कुणाकडे करायची, हेच तर ठाऊक नव्हते. मग ती फार थोडे पिई आणि जमिनीकडे पाहून पिई.

ऊन वाढत गेले. माती भेगाळली. पाने पिवळी पडली आणि गळू लागली. मधले झाड उघडे झाले, भिंतीलगतचे झाले, फाटकाजवळचेही झाले. फक्त त्याची एक फांदी हिरवी राहिली. मंजिष्ठा चिडली. ताण अर्धा राहिला तर सगळेच वाया जाईल, म्हणून ती पाने हाताने ओरबाडायला उठली. कचकन काटा रुतला. तिने पुन्हा हात घातला, पुन्हा रुतला. तिसऱ्यांदा बोटातून रक्त आले, तेव्हा ती म्हणाली, "राहा मग तशीच," आणि त्याच फांदीखाली जाऊन बसली.

ताण पुरा झाला तेव्हा तिने मुळ्यांवर माती ओढली, आळी भरून पाणी सोडले. झाडांनी खोल श्वास घ्यावा तशी पालवी आली आणि पालवीमागून फुले, निखाऱ्यांसारखी. शिंजीर पोटभर मध प्याला. फुलांची फळे झाली, फळे भरली, पिकली. आणि ज्या दिवशी पहिले फळ काढायला आले, त्या दिवशी भर दुपारी भस्मकेतू फाटकात उभा राहिला.

तीन झाडांची तीन फळे फोडली गेली. मधल्या झाडाचे दाणे गुलाबी, बी मऊ, चव मधासारखी. भिंतीलगतच्या झाडाचे दाणे गडद लाल, बी कडक, चव अशी आंबटगोड की डोळ्यांत पाणी यावे. फाटकाजवळच्या झाडाची साल माणकासारखी. आत दाणा पोचट, तोंडात टाकताच नुसते पाणी.

ते फळ सगळ्यांनी आधी बाजूला सारले.

"मधले झाड," प्रधानजी म्हणाले. "राणीसाहेब म्हणजे मध." ज्योतिष्यांनी मान डोलवली. आत्यासाहेबांनी डोळे पुसले.

"राणीसाहेब तुमच्याशी गोड कधी बोलल्या होत्या, प्रधानजी?" मंजिष्ठेने विचारले, आणि ती भिंतीलगतच्या झाडाकडे निघाली. आंबटगोड आणि आतून कडक. तिला तीच आपली आई वाटत होती.

हात टेकवणार, तोच तिचे मन कचरले. एकदाच सांगायचे होते. विचार करावा म्हणून ती, पायांना सवय होती म्हणून, आपल्या रोजच्या जागी येऊन बसली. ऊन मी म्हणत होते. तिथे मात्र गार होते. तिने वर पाहिले. झाड फळांनी वाकले होते, पण त्या एका फांदीवर फळ नव्हते.

शिंजीर तिथेच होता. "साऱ्या बागेत एवढीच फांदी फुलली नाही," तो म्हणाला. "मला मध मिळाला नाही."

"का फुलली नाही?"

"हिने पाने टाकली नाहीत. जी फांदी पाने धरते तिला फूल नाही."

"मग कशासाठी धरली?"

"ते मी काय सांगू? मी फुलावर बसतो. खाली तू बसत होतीस."

मंजिष्ठा उठली. काटा रुतलेले बोट तिने त्याच खोडावर ठेवले आणि म्हणाली, "ही माझी आई."

"नीट पाहा, राजकन्ये," भस्मकेतू म्हणाला. "याचे फळ पोचट आहे."

"फळ तू दिलेस. सावली तिने दिली."

जादूगाराच्या मुठीतली राख बोटांतून गळून गेली. झाड हलले, आणि झाडाच्या जागी राणी सुवर्चला उभी राहिली. पाय मातीने भरलेले, ओठ सुकलेले. मंजिष्ठा तिच्या पायांशी कोसळली. आई, मी तुला तहानलेली ठेवली, एवढे तरी तिला म्हणायचे होते.

"आधी पाणी," राणी म्हणाली. "मग रड."

तीन घागरी एकदम धावल्या. तीन वर्षांत प्रथमच त्यांचे पाणी कामी आले. महाराज सज्जावरून अनवाणी खाली आले आणि त्यांना काही सुचेना, म्हणून तेही एक तांब्या घेऊन उभे राहिले. राणी प्याली. मग तिची नजर बाजूला सारलेल्या फळावर गेली. तिने ते उचलले, चार दाणे तोंडात टाकले आणि थुंकले.

"रंग सुंदर. दाणा पोचट."

"ते तुझेच फळ आहे," भस्मकेतू म्हणाला.

"असेल. म्हणून काय गोड होणार?"

मग जादूगाराने राखेची पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि आपल्या बागेसाठी मधल्या झाडाचे एक कलम मागितले. राणीने दोन दिली, मधल्याचे एक आणि भिंतीलगतचे एक, आणि बजावले, पाणी जपून घाल. वडीलधाऱ्यांनीही गंभीरपणे तेच बजावले, जणू हा शोध त्यांचाच होता.

संध्याकाळी मायलेकी फाटकापाशी बसल्या. राणीने लेकीचे बोट हातात घेतले, काट्याच्या खुणा पाहिल्या आणि त्यांवर फुंकर घातली.

"तुला एवढी तहान होती, आई," मंजिष्ठा म्हणाली. "तरी पाने का धरलीस?"

राणी म्हणाली, "ऊन होते."

त्या राज्यात अजूनही डाळिंबाला ताण देताना एक फांदी हिरवी राहू देतात. तिच्यावर फळ येत नाही, आणि कुणी त्याचा हिशेब मागत नाही. ताण देणारा तिच्याखाली बसतो, खोडाला हात लावतो आणि मगच घोटभर पाणी पितो.

तीन झाडांची आणि एका सावलीची गोष्ट इथे पिकली. ज्याने ऐकली त्याच्याही डोक्यावर एक फांदी हिरवी राहो.